मावशीच्या फ्रीजरसाठी आणलेली बॅटरी

मिठबावच्या मावशीनं मला मदत केली. काय झालं ते पुढं सांगतोच, पण हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर माझ्या रडगाण्यात ते राहून जाईल. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, गाड्या बदलत बदलत जायचं तर पुरा दिवस जातो आणि वर रात्र. मावशी इथली, कोकण किनाऱ्यावरची, मासे विकणारी. तिच्या घरामागच्या खोलीत, जिथं पूर्वी जाळी ठेवायचे, तिथं मी राहतो. तिचं नाव लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको मरे. लोक मासे घेवक येतले आणि बॅटरीची चौकशी करीत बसतले." म्हणून नाव नाही.

मी आठवीत शाळा सोडली. सोलरचे पॅनल बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर इकडं आलो. काम संपलं, ठेकेदार माणसं घेऊन पुढं गेला, मी राहिलो. वायरिंगची बारीकसारीक कामं मिळत होती आणि मावशीनं खोली दिली होती. पहिल्या दिवशी मी तिला "तुम्ही" म्हणालो तर ती इतकी हसली, की टोपली खाली ठेवावी लागली. "तुम्ही कोण? मी एकटीच आसंय हय." तेव्हापासून तू.

मला भीती फार वाटते. होडीची, फुरशाची, घरून आलेल्या अवेळी फोनची. सगळ्यात जास्त याची, की एखादं काम हातून बिघडेल आणि लोक म्हणतील, आठवी शिकलेला, तरीच. हे इथं सांगतो कारण पुढं मी जे वागलो त्याचं मूळ त्यात आहे. माफी म्हणून सांगत नाही.

मावशीकडं एक मोठा फ्रीजर आहे, वरून झाकण उघडणारा, आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसला. मे संपायच्या आत ती तो सुरमईनं, पापलेटनं, कोळंबीनं गच्च भरते. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि मग हा माल ती थोडा थोडा करून गावात आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांना विकते. ते दोन महिने ती त्याच्यावर जगते. दुसरं काही नाही.

परवाच्या वर्षी मेच्या शेवटी वारा सुटला, फणसाची फांदी तारांवर पडली आणि वीज तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आम्ही झाकण उघडलं. तळाला गुलाबी-काळं पाणी साचलं होतं, त्यात कोळंबीच्या मिशा तरंगत होत्या. सुरमईला बोट लावलं तर बोट आत गेलं. मी मागच्या दारी जाऊन ओकलो. मावशीनं तोंडाला पदर बांधला, वाडगा घेतला आणि ते पाणी उपसायला लागली. सगळा माल माडाच्या मुळात पुरला. तरी आठवडाभर कुत्री तिथली माती उकरत होती. त्या पावसाळ्यात मावशी साठीच्या वयात दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेली. संध्याकाळी यायची तेव्हा पायाची बोटं पांढरीफट्ट, सुरकुतलेली.

मी तिच्याकडं जेवत होतो. तेव्हाच म्हणालो, "मावशी, पुढच्या वर्षी मी तुला बॅटरी करून देतो. वीज गेली तरी फ्रीजर चालंल."

"तू करतलंस?"

"व्हय. मीच."

नवी बॅटरी आमच्या आवाक्यातली नव्हती. पण फोनवर मी व्हिडिओ बघायचो. मोडीत निघालेल्या इलेक्ट्रिक गाडीतून बॅटरी काढतात. तिच्यात डब्यांसारखी मॉड्यूल असतात, एकेका डब्यात चार चार सेल. ते डबे सुटे विकत घ्यायचे, तीन-तीन एका माळेत जोडायचे, वर सेलवर लक्ष ठेवणारं एक सर्किट लावायचं, इन्व्हर्टरला जोडायचं, झालं. व्हिडिओतला माणूस गोरे हात, स्वच्छ टेबल, मागं गाणं लावून हे करत होता. कुठंच घाण नव्हती. ते बघून मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

आरोंद्याच्या बाजूला एक भंगारवाला असले डबे विकतो असं कळलं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा आमच्या इथला मेस्त्री टेम्पो घेऊन गोव्याकडं एक पार्ट आणायला चालला होता, त्याच्याबरोबर मी गेलो.

ते भंगाराचं आवार मला अजून स्वप्नात दिसतं. खाडीच्या काठाला, पत्र्याचं कुंपण. आत पाऊल टाकलं की चिखल, आणि चिखलावर ऑइलची निळी-जांभळी साय. गाड्या एकमेकींवर चढवलेल्या. एका गाडीचं दार उघडं होतं, आतल्या सीटला बुरशी आली होती, केसाळ, राखाडी. मागच्या सीटखाली लहान मुलाचा एक बूट होता, त्यात चिखल भरून वाळला होता. कुत्र्यानं कुठंतरी घाण केली होती आणि तिच्यावरून कुणीतरी चाललं होतं. इतक्या मोठाल्या, लोकांनी हौसेनं हार घालून घरी आणलेल्या गाड्या, आणि शेवटी हे.

भंगारवाल्याच्या तोंडात गुटखा. मी घाटावरचा दिसतो म्हणून तो माझ्याशी शुद्ध बोलायला लागला.

"ओरिजनल माल आहे भाऊ. गाडी नवीन होती. अपघात झाला, पुढचा भाग गेला, बॅटरीला ओरखडा नाही."

"कुठली गाडी? बघायला मिळंल?"

"गाडी गेली कापायला. गाडी बघून काय करणार? तुला डबे पाहिजेत ना?"

डबे एका गोणपाटावर मांडले होते. चपटे, चंदेरी, वहीएवढे लांबरुंद, उचलले तर जड. टोकांच्या स्क्रूंवर पांढरी पूड बसली होती. मी बोट दाखवलं. त्यानं अंगठा जिभेला लावला, त्या गुटख्याच्या लाल थुंकीनं स्क्रू पुसला आणि म्हणाला, "बघ. गेली. खारी हवा आहे रे, काय होतंय?"

मी तोंड फिरवलं. पण त्याचं म्हणणं पटलं. इथं खरंच सगळ्याला पांढरं येतं. कडीला, सायकलला, माझ्या पक्कडीला. मी मीटर लावला. सहाही डबे सारखंच व्होल्टेज दाखवत होते. व्हिडिओत सांगितलं होतं, घेतल्यावर डबे आठ-दहा दिवस नुसते ठेवा, मग परत मोजा, ज्याचं उतरलं तो आतून खराब. इतके दिवस थांबायचं तर मे संपत होता. आणि भंगारवाला म्हणाला, "संध्याकाळी एक गोव्याचा गिऱ्हाईक येतोय." मी घेतले. तो लाल डाग स्क्रूवर तसाच वाळला होता.

आता जी चूक सांगतो ती कारखान्यातल्या माणसानं केली नसती. आमच्या हिंगोलीतल्या माणसानंही केली नसती. ती इथं येऊन शिकल्यावरच करता येते.

इथं समुद्रावरून होडी आली की इंजिन आधी गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून चालवतात. आतला खार धुऊन निघतो. जाळ्याचे शिसे, गळ, चाकू, सगळ्याला गोडं पाणी. विहिरीचं पाणी कमी असलं तर माणसं स्वतः कमी अंघोळ करतील, पण इंजिनाला पाजतील. हे मला मेस्त्रीनंच शिकवलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. येताना टेम्पोत मी त्याला ती पांढरी पूड दाखवली.

"खार तो," मेस्त्री गाडी चालवता चालवता म्हणाला. "गोड्या पाण्यान धू, दोन दिस उन्हात घाल."

"बॅटरी हाय ही. पाणी चालंल?"

"तू वायरमन की मी? माका इच्यारतंस कित्याक?"

तो हसला. मीही हसलो. वायरमन मीच होतो. चालू वस्तूला पाणी वाईट, वाळल्यावर काय होतंय, असा मी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बादली भरून एकेक डबा ब्रशनं घासून धुतला. पांढरं सगळं गेलं. अंगणात मावशीचे बांगडे सुकत पडले होते, त्यांच्या शेजारी ओळीनं सहा डबे मांडले. कावळे हाकलायला मी तिथंच बसून राहिलो.

मावशी बाजारातून आली. टोपली उतरवली आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"ह्यां काय हाडलंस? कसलां सुकट?"

"बॅटरी, मावशी."

ती खाली बसली. एक डबा हातात घेऊन उलटासुलटा केला, नाकाजवळ नेला. मावशीला मासा घ्यायचा असला की ती डोळे बघत नाही, खवले बघत नाही, सरळ कल्ला उचलून आत बघते. कोळ्यांनी कितीही शपथा घेतल्या तरी कल्ला उचलल्याशिवाय पैसे देत नाही.

"कल्लो बघितलंस ह्येचो?"

"ह्याला कल्ला नसतो गं. सीलबंद असतंय."

"मग भितर काय आसा तां तुका कसां कळला?"

"मीटरनं कळतंय."

"बरां बाबा. तू शिकलेलो."

ती थट्टेनं म्हणाली नव्हती, हे मला अजून बोचतं. तिनं खरोखर मला शिकलेला धरलं होतं. त्याच आठवड्यात तिनं दरवर्षीपेक्षा जास्त मासे घेतले. फ्रीजरचं झाकण लागत नव्हतं, वर वजनाला पाटा ठेवला. माझ्या शब्दावर.

मी फळीवर डबे बसवले, चारही बाजूंनी प्लायचा खोका केला, ओढायला कड्या लावल्या, आणि घराच्या पडवीत फ्रीजरच्या बाजूला ठेवला. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा दुपार होती. सगळ्या आळीतले पंखे थांबले आणि आमच्या पडवीत फ्रीजर घुरघुरत राहिला. मावशीनं झाकणावर हात ठेवला, जशी म्हशीच्या पाठीवर ठेवतात, आणि आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "चलता गो, चलता!" त्या दिवशी तिनं माझ्यासाठी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, रांधल्या. शेजारपाजारचे बघून गेले. कुणकेश्वरच्या एका दुकानदारानं मलाही असली करून दे म्हणून निरोप धाडला. मी घरी फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, जपून राहा. मी म्हणालो, आता कशाचं जपून.

चार-पाच दिवसांनी वास सुरू झाला.

आधी अगदी बारीक. गोडसर. पिकून फुटलेल्या अननसात कुणी नखाला लावायचं पॉलिश ओतावं तसा. घशात जाऊन बसायचा आणि पाणी प्यालं तरी जायचा नाही. मी ओळखला. व्हिडिओत सांगितलं होतं, गोड वास आला तर सेल फुटलाय, बंद करा, घराबाहेर काढा. मी खोक्याचं झाकण उचललं. एका डब्याची पाठ किंचित फुगली होती, भाकरी फुगायला लागते तशी. बाकीचे चपटे होते. मी झाकण परत लावलं.

का लावलं? कारण मासे भरलेले होते. कारण आळीनं बघितलं होतं. कारण आईला सांगून झालं होतं. मनात म्हणालो, बंदी उठेपर्यंत टिकू दे, मग सावकाश बघू. आणि जे केलं त्याची मला आज सगळ्यात जास्त किळस येते ते असं, की मी दुकानातून उदबत्तीचा पुडा आणि डांबराच्या गोळ्या आणल्या, गोळ्या खोक्यामागं टाकल्या आणि सकाळ-संध्याकाळ फ्रीजरजवळ उदबत्ती लावायला लागलो. ज्या बाईनं मला छप्पर दिलं तिच्या नाकाला फसवायला. आरोंद्याच्या त्या माणसानं थुंकी लावून पुसलं, मी उदबत्ती लावून. फरक काय, मला नीट सांगता येत नाही.

मावशीचं नाक पन्नास वर्षं मासे हुंगलेलं. दुसऱ्या दिवशीच ती पडवीत थांबली.

"कसली रे भक्ती सुरू केलंस?"

"अशीच. मासे हायत, वास येतोय म्हणून."

"माशांचो वास माका येत नाय, तुका येता?" तिनं नाक वर केलं. "ह्यो माशाचो नाय. कायतरी कुसलां."

"नवीन वस्तूचा वास हाय मावशी. जाईल."

"नवीन?" एवढंच म्हणाली. मग आत गेली. तिनं तेव्हा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी कुणकेश्वरला एका घरी पंखा बसवायला गेलो होतो. मी शिडीवर होतो तेव्हा तिचा फोन आला. ती ओरडत नव्हती, उलट हळू बोलत होती.

"झिला, तुझो खोको फुसफुसता. पिवळ्या नागासारखो. काय करू?"

मी शिडीवरून उडी टाकली. "मावशी, भिंतीवरचा लाल खटका खाली वढ. आन् तू लांब जा. घराबाहेर जा. मी आलो."

"लांब जावान कसां चलात? घराक लागात."

"मावशी, जा तू—"

फोन बंद झाला. मी स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. आमच्या आळीत शिरलो तर घरापुढं माणसं उभी, आणि घराच्या खालच्या अंगाला, जिथं वाळू सुरू होते तिथं, पांढरा जाड धूर जमिनीसरसा सरपटत होता. मावशी वाऱ्याच्या वरच्या बाजूला वाळूत बसली होती. तोंडाला ओला पंचा. उजवा हात मांडीवर उताणा.

तिनं काय केलं ते शेजारणीनं सांगितलं. खटका खाली ओढला, वायरी कोयत्याच्या लाकडी मुठीनं ठोकून काढल्या, होडी ओढायचा दोर खोक्याच्या कडीत अडकवला आणि एकटीनं तो खोका पडवीतून अंगण ओलांडून वाळूपर्यंत फरफटत नेला. मग दोर सुटेना म्हणून कडी हातानं धरली. कडी तापली होती. तळहाताची कातडी तिथं राहिली. मग फावड्यानं त्यावर सुकी वाळू ढकलत राहिली, माणसं येईपर्यंत.

मी तिच्याजवळ बसलो. धुराचा तो गोड, कुजका वास सगळीकडं होता, माझ्या शर्टाला, तिच्या केसांना.

लोक बोलत होते. एक म्हणाला, "टाका तां दर्यात, इजात."

मावशी पंच्याआडून खोकत म्हणाली, "दर्यो काय तुझो उकिरडो? त्येच माशे खातंस मा?"

"आणि मी सांगू काय," दुसरा माझ्याकडं न बघता म्हणाला, "ह्या घाट्यान घर पेटवला असता तुझां."

"घर माझां. तुका कित्याक आग लागली?"

मेस्त्रीही आला होता. वाळूच्या ढिगाकडं बघून त्यानं मला बाजूला घेतलं. मी त्याला धुतल्याचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"चूक माझी पण आसा. इंजिनाक पाणी आत जाता आणि भायर येता. ह्येका भायर येवची वाट खंय आसा? खार भितर रवलो, तुझ्या पाण्यान तो आणखी भितर गेलो."

"पण आत खार आला कुठून? अपघाताची गाडी होती."

मेस्त्रीनं माझाच फोन घेऊन भंगारवाल्याला लावला आणि त्याच्याच भाषेत दोन शिव्या घातल्या. तेव्हा तो माणूस बोलला. गाडी अपघाताचीच. पण अपघात झाला तो पुलाजवळ, आणि गाडी भरतीच्या वेळी खाडीत पडून दोन दिवस राहिली होती. मला त्या लहान मुलाच्या बुटातला वाळलेला चिखल आठवला. ती तीच गाडी होती का, ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

"तरी तीन-चार डबे चांगले असतील," भंगारवाला फोनवर मला म्हणाला, एकदम शुद्ध आणि गोड. "ते पुसून पाठव. दुसरा गिऱ्हाईक आहे. तुझंही नुकसान नको."

मी फोन ठेवला. पण खरं लिहायचं तर लगेच नाही ठेवला. क्षणभर विचार केला. वाळू थंड झाल्यावर, तिसऱ्या दिवशी लांब काठीनं उकरून बघितलं, तर खरंच एक माळ तशीच होती, चपटी, चंदेरी. कुणकेश्वरचा दुकानदार अजून मागत होता, त्याला इथलं काही कळलं नव्हतं. मी मावशीला म्हणालो, "तीन डबे बरे दिसत्यात."

ती ओसरीवर बसली होती, हाताला पट्टी. तिनं विचारलं, "तुझ्या आवशीच्या घरात लावशीत?"

माझ्या आईच्या घरात. मी हातातली काठी खाली ठेवली.

"मग?"

मी दुकानदाराला फोन करून सगळं सांगितलं. तो चिडला नाही, हसला. म्हणाला, बरं झालं बाबा. ते डबे मी रेतीनं भरलेल्या पत्र्याच्या पिंपात ठेवले. जिल्ह्याच्या ठिकाणी असला कचरा घेणारा एकजण आहे. मेस्त्रीच्या टेम्पोतून तिथं पोचवले. त्या माणसानं पिंपात डोकावून नाक धरलं आणि विचारलं, "कुणी बनवलं होतं हे?" मी म्हणालो, मी.

आता राहिले मासे. बॅटरी गेली, फ्रीजर नुसता विजेवर. आकाशात ढग चढत होते आणि दिवसातून तीनदा वीज जात-येत होती. मावशी वाट बघत बसली नाही. तिनं तिसऱ्या दिवशीच सांगितलं, "सगळां काढ भायर. खारवूया." ओला बर्फाचा मासा ताज्याच्या भावानं जातो. खारवलेला त्याच्या निम्म्यालाही जात नाही. पण कुजत नाही.

तिचा तळहात सोललेला, बोटांवर पाणी भरलेले फोड. त्या हातानं मीठ धरणं शक्य नव्हतं. म्हणून ती पाटावर बसली आणि मी तिच्यासमोर. मी आयुष्यात मासा चिरला नव्हता, आमच्याकडं नदीचा मासा आला तर आई चिरायची. पहिल्याच सुरमईचं पोट फाडताना बर्फाळ आतडी मनगटावर आली आणि मला परत ओकारी आली.

"ओक, ओक," मावशी म्हणाली. "ओकून झालां की परत बस. पाठीकडसून काप. पोटाकडसून नाय. अरे मेल्या, आडवो नाय, उभो!"

दोन दिवस मी चिरत होतो, जाडं मीठ भरत होतो, पिंपात थर लावत होतो. माझी बोटं चिरांनी भरली आणि प्रत्येक चिरेत मीठ. मिठाचं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. अंगाला, अंथरुणाला, नखांत मासा. त्या वासाची मला किळस आली नाही असं म्हणणार नाही. आली. पण तो वास खरा होता, त्याच्यावर कुणी उदबत्ती लावलेली नव्हती. मावशी मधून मधून खोकायची आणि मी हात थांबवून तिच्याकडं बघायचो. "काप रे, मी काय आता मरत नाय," म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटचा थर लावताना, मी म्हणालो, "मावशी, मी गावाकडं जातो. इथं लोकांना तोंड दाखवायची लाज वाटती."

"जा." ती म्हणाली. "पण पावसात माझ्या हाताक पट्टी कोण बांधतलो? आणि लावणीक कोण जातलां? मी?"

तेवढ्यावर मी राहिलो. त्या पावसाळ्यात लावणीला मी गेलो, तिच्या जागी. खारवलेले मासे तिनं डाव्या हातानं विकले. तिच्या उजव्या तळहाताची कातडी आता आली आहे, पण ती गुळगुळीत आणि तांबूस आहे, आणि मूठ पुरी मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढीच मिटेल. मासा धरताना तो तिच्या हातातून निसटतो, मग ती त्यालाच शिवी घालते. मला कधीच घातली नाही.

आता मी सोलरच्या दुकानात रोजावर जातो, बॅटरीचं काम तिथल्या माणसाच्या हाताखाली, विचारत विचारत, नीट शिकतो. जे कळत नाही ते कळत नाही म्हणतो. भीती अजून वाटते, पण आता ती लपवायला काही लावत नाही.

मावशी, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेल. न मिटणाऱ्या हाताची भरपाई माझ्याच्यानं होणार नाही, ते मला कळतं. पण एक सांगतो. एक दिवस मी तुला नवी कोरी बॅटरी आणून देईन, कागदासकट, सील न फोडलेली. ती घरात ठेवणार नाही, अंगणाच्या पल्याड तिच्यासाठी वेगळं छप्पर बांधीन. जोडण्याआधी तुला बोलवीन, तू हुंगून बघ, आणि तू हो म्हणालीस तरच खटका वर करीन. त्या वर्षी तू बंदीआधी फ्रीजर गच्च भरायचा. किती वर्षं लागतील ते माहीत नाही. पण हे मी फेडणार आहे.